योनाचा वेल आणि पडद्यावरची पाखरे

उपासना संपल्यावर जे दृश्य आज बहुतेक मंडळ्यांतून दिसते, तेच आमच्या बऱ्हाणपुरातही दिसते. वडील माणसे दाराशी उभी राहून एकमेकांची विचारपूस करतात, भगिनी चहाची व्यवस्था पाहतात, आणि बारा-पंधरा वर्षांची मुले भिंतीच्या सावलीला ओळीने बसून माना खाली घालतात. ती प्रार्थना करीत नसतात, हे सांगावयास नकोच. प्रत्येकाच्या हाती आईचा किंवा वडिलांचा मोबाइल असतो.

गेल्या वर्षी उन्हाळा लागण्याच्या सुमारास एका रविवारी अशाच एका ओळीपुढे आम्ही रागे भरण्याच्या बेताने उभे राहिलो. आम्ही पाळक नव्हे. शब्बाथशाळेत शिकवणारे आणि प्रसंगी उपदेश करणारे एक साधे सभासद आहोत. परंतु दरडावण्याचा अधिकार मात्र आम्ही आपल्याकडे घेतलेला आहे. "काय मारामारी चालली आहे?" असे आम्ही विचारले. तेव्हा एका मुलीने पडदा आमच्यापुढे धरून म्हटले, "मारामारी नाही काका, मांजरं आलीत बघा."

खरोखरच मांजरे आली होती. एक उशीवर निजले होते, एक खोक्यात शिरून बसले होते. राग गिळून आम्ही त्या मुलांत बसलो, आणि पुढे काही आठवडे मंडळीतील मुलांना व तरुणांना विचारून या खेळांची माहिती करून घेतली. त्यातून जो प्रश्न आमच्या मनात उभा राहिला तो वाचकांपुढे, विशेषतः शब्बाथशाळेच्या शिक्षकांपुढे, ठेवावा म्हणून हा लेखप्रपंच.

मोबाइलचा खेळ म्हटला की बंदूक, रक्त आणि पैशांचा जुगार एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते, आणि त्याविषयीची आपली भीती खोटीही नाही. पण याच बाजारात एका कोपऱ्यात निराळे खेळ आहेत. मोठ्या भांडवलावाचून, कधी एकट्याने तर कधी थोड्या माणसांनी मिळून ते केलेले असतात, आणि त्यांचा विषय पाने, पाणी, पशू आणि पक्षी हा असतो. मांजरांचा तो खेळ 'नेको अत्सुमे' या नावाने २०१४ साली जपानात निघाला. त्यात मांजरे बोलावून येत नाहीत. अंगणात वाडगाभर खाणे ठेवायचे, एखादा चेंडू मांडायचा, आणि खेळ मिटून आपल्या कामाला जायचे. परत येऊन पाहावे तो कोणी येऊन गेलेले असते, आणि जाताना आभारादाखल सुकी मासळी ठेवून गेलेले असते. त्या मुलीची आई दिवसभर कामावर असते. ती आम्हांला म्हणाली, "शाळेतून आल्यावर घरात कोणी नसतं काका. मांजरं येऊन गेलेली असली की बरं वाटतं."

केळीच्या एका बागाइतदाराचा मुलगा संगणकावर शेती करतो. 'स्टारड्यू व्हॅली' हा त्याचा खेळ एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून २०१६ मध्ये पुरा केला. त्यात पेरणी आहे, पाणी देणे आहे, गाईला रोज उठून कुरवाळणे आहे. मात्र जनावर कापण्याची त्यात सोयच नाही. "बापाच्या बागेत जायला नको आणि इथे नांगर धरतोस?" असे आम्ही त्याला हसून म्हटले. तो हसला नाही. "बागेत वर्षभर राबायचं, आणि मे महिन्यात एक वादळ आलं की अर्ध्या तासात सगळं आडवं. इथे नुकसान झालं तर उद्या पुन्हा पेरता येतं," असे तो म्हणाला. यावर आम्हांला काही बोलता आले नाही.

इंदूरला शिकणाऱ्या एका तरुणीने 'शेल्टर' नावाच्या खेळाविषयी सांगितले. तो २०१३ साली स्वीडनमध्ये निघाला. खेळणारा त्यात बॅजर नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याची आई होतो. मागे पाच पिले असतात. त्यांना खाऊ घालीत रानातून पुढे न्यायचे. वरून गरुड झडप घालतो, रात्रीच्या काळोखात पिले चुकतात, उपाशी राहिलेल्या पिलाचा रंग फिका पडत जातो. एखादे गेले तर उरलेल्यांना घेऊन तसेच पुढे जावे लागते. "माझं एक पिलू गेलं. खेळ पहिल्यापासून सुरू करता आला असता, पण मी केला नाही. ते पिलू तेच नसतं ना!" असे ती म्हणाली, आणि आपण काही वेड्यासारखे बोललो असे वाटून ओशाळली.

आता प्रश्न असा. जो जीव नाहीच, त्याच्यावर जडलेली ही माया खरी की खोटी? आणि ती माया आपल्या मुलांना देवाने निर्मिलेल्या खऱ्या जिवांकडे नेते, की त्यांच्यापासून दूर नेते?

आमच्या वडील मंडळींपैकी काहींचे उत्तर तयार आहे. हा सारा वेळेचा अपव्यय आहे. चित्रातल्या मांजराला दूध पाजून कोणाचे पोट भरत नाही. दुसऱ्या काहींचे उत्तर तितकेच तयार आहे. यात शिवीगाळ नाही, रक्त नाही, मुले गप्प बसतात, मग बिघडले कोठे? आम्हांला वाटते की ही दोन्ही उत्तरे प्रश्न टाळण्यासाठी दिलेली आहेत. पहिला मुलाच्या मनात काय हलले ते पाहत नाही. दुसरा ते हललेले मन पुढे कोठे जाते ते विचारीत नाही.

जे केवळ कल्पित आहे त्याच्यावरची दया खोटी, असे म्हणणाऱ्यांना आम्ही एक आठवण देतो. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता पिढ्यान् पिढ्यांच्या शाळकरी मुलांनी पाठ केली आहे. पारध्याने घायाळ केलेली पक्षीण पडत, उठत आपल्या पिलांसाठी शेवटचा घास घेऊन घरट्यात येते, असा तिचा विषय. ती पक्षीण कागदावरची होती. तरी ती कविता म्हणताना आपल्या वर्गातला कोणी ना कोणी मुलगा रडला, आणि त्या दिवशी कोणाच्या तरी हातातली गलोल खाली आली असेल. मग कागदावरच्या पक्षिणीसाठी रडणे हे संस्काराचे लक्षण आणि पडद्यावरच्या पिलासाठी रडणे हे खुळाचे लक्षण, असा निवाडा कोणत्या न्यायाने करावा? त्या तरुणीला ओशाळण्याचे काहीच कारण नव्हते.

पण म्हणून ही माया पुरेशी आहे काय? येथे पवित्र शास्त्रातील योनाची गोष्ट आपल्या फार उपयोगी पडते. ती आपण माशापाशी सांगून संपवतो. मुलांना मासा आवडतो. पण गोष्टीचा कणा शेवटच्या अध्यायात आहे. निनवेचा नाश झाला नाही म्हणून रुसलेला योना शहराबाहेर उन्हात बसला. देवाने त्याच्यावर एक वेल वाढवून सावली केली. योनाला अतिशय आनंद झाला. दुसऱ्या दिवशी किड्याने वेल खाल्ला, तो सुकला, आणि योना जिवावर उदार झाला. तेव्हा देवाने त्याला जे विचारले त्याचा आशय असा: ज्या वेलासाठी तू श्रम केले नाहीस, जो तू वाढवला नाहीस, जो एका रात्रीत आला आणि एका रात्रीत गेला, त्याची तुला एवढी कीव येते, मग ज्या शहरात लाखाहून अधिक अजाण माणसे आहेत आणि पुष्कळ गुरेढोरेही आहेत, त्याची मला कीव येऊ नये काय?

वाचकहो, देवाने योनाला काय म्हटले नाही ते पाहा. तुझी वेलाविषयीची कीव खोटी आहे, असे तो म्हणाला नाही. त्या लहानशा, थोड्याशा स्वार्थी मायेचीच त्याने पहिली पायरी केली, आणि पुढची पायरी दाखवून विचारले, की येथवर आलास, आता इकडे येशील ना? आमच्या मुलांच्या हातातला खेळ हा योनाचा वेल आहे. त्यांनी तो लावला नाही, वाढवला नाही. तो एका रात्रीत येतो आणि बॅटरी संपली की जातो. पण त्याविषयी त्यांच्या मनात जी कीव उठते ती खरी आहे. निनवे कोणती, हे त्यांना दाखवणे मात्र आपले काम आहे.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. आम्ही ते एका टिटवीकडून आणि आठवीतल्या एका मुलीकडून शिकलो.

मे महिन्यात आमच्या मंडळीत मुलांसाठी सुटीतील पवित्र शास्त्र शाळा भरते. मंदिराच्या आवारात कडुनिंबाजवळ मांडव घालतात, कारण बऱ्हाणपूरच्या उन्हात त्या एका झाडाचीच काय ती सावली. गेल्या वर्षी मांडवाचे बांबू येऊन पडले, आणि माणसे खड्डे घेऊ लागताच एक पक्षी ओरडत त्यांच्या डोक्यांवर झेपावू लागला. पाहतो तो उघड्या खडीत, घरटे म्हणावे असे काहीच नसताना, चार अंडी. खड्यांच्याच रंगाची, ठिपक्या-ठिपक्यांची. मुले म्हणाली, टिटहरी. आमच्या एका वृद्ध मावशींनी दुरुस्ती केली: "टिटवी म्हणा रे मराठीत!" आणि लगेच त्यांनी असेही म्हटले की तिचे ओरडणे चांगले नसते.

आम्ही व्यवहार पाहिला. अंडी अलगद उचलून कुंपणाजवळ ठेवावी आणि काम चालू करावे, असे आम्हीच सुचवले. तेव्हा ती मुलगी मध्ये आली. "उचलू नका काका. जागा बदलली तर ती परत बसेल कशावरून?" हिला पाखरांची एवढी माहिती कोठून, असे आम्ही विचारले. तिच्या आतेभावाच्या संगणकावर ती 'आल्बा' नावाचा एक खेळ खेळली होती. तो इंग्लंडमधील एका संस्थेने २०२० साली काढला. त्यात एक लहान मुलगी सुटीत आजीआजोबांकडे एका बेटावर जाते, पशुपक्ष्यांची छायाचित्रे घेऊन त्यांची नावे शिकते, आणि तेथील राखीव रान मोडून हॉटेल बांधू नये म्हणून दारोदार सह्या गोळा करते. तो खेळ झाल्यावर आमच्या या मुलीने वहीत ताप्तीकाठच्या पाखरांची यादी लिहायला घेतली होती. खंड्या, बगळा, वेडा राघू, पाणकावळा, कोतवाल. आकाशातील पाखरांकडे पाहा, या प्रभूच्या शिकवणीवर आम्ही आजवर किती उपदेश केले असतील कोण जाणे; पण आमच्या मंदिराच्या आवारात कोणती पाखरे येतात असे कोणी विचारले असते, तर चिमणी आणि कावळा यांच्यापुढे आमची गाडी गेली नसती.

त्या रात्री आम्हांला अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील तो छोटासा नियम आठवला. वाटेत पाखराचे घरटे सापडले आणि आई पिलांवर किंवा अंड्यांवर बसलेली असली, तर पिलांबरोबर आईलाही धरू नये. हे करशील तर तुझे कल्याण होईल आणि तू चिरकाळ जगशील, असे वचन त्याला जोडलेले आहे. आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेला जे वचन आहे, तसेच हे एका पाखराच्या आईविषयी! थिऑलॉजीच्या डिप्लोमासाठी आम्ही हा अध्याय परीक्षेपुरता वाचला होता. त्यात मांडवाविषयी एक शब्दही नाही, हे खरे. पण हाताला आले ते सगळे आपले नव्हे, एवढे तरी त्यात नक्कीच आहे.

दुसऱ्या दिवशी मांडव आवाराच्या दुसऱ्या टोकाला गेला. हे फुकट झाले नाही. तेथे झाडाची सावली नव्हती. एका बंधूंनी सर्वांसमक्ष विचारले, "पाखरासाठी मुलांना उन्हात बसवता?" त्यांचा प्रश्न योग्य होता. पुष्कळ चिमण्यांपेक्षा माणसाचे मोल अधिक आहे, हे प्रभूनेच शिकवले आहे. म्हणून मुलांना उन्हात बसवायचे नाही, असे ठरले, आणि शाळा नऊऐवजी सकाळी साडेसहाला भरू लागली. ज्यांना लवकर उठावे लागले त्यांत आम्हीही होतो. पण त्याच शिकवणीत दुसरेही एक वाक्य आहे, ते आपण भरभर वाचतो: एकही चिमणी पित्याच्या नकळत पडत नाही. माणसाचे मोल अधिक, याचा अर्थ पाखराचे मोल काहीच नाही, असा नव्हे.

जवळजवळ चार आठवडे ती टिटवी आणि तिचा जोडीदार आळीपाळीने अंड्यांवर बसले. भर दुपारी ती उठून जाई, नळाखालच्या डबक्यात पोटाची पिसे भिजवी आणि ओल्या पोटाने परत येऊन अंडी निववी. हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले. एक अंडे कुत्र्याने की कावळ्याने नेले. तिघांतून पिले निघाली, आणि पिसे वाळतात न वाळतात तोच आईमागे चालू लागून दुसऱ्या दिवसापर्यंत ती कुंपणापलीकडे दिसेनाशी झाली. जाईपर्यंत ती टिटवी आमच्यावर ओरडतच होती. ज्या मुलीने तिला वाचवले तिच्या डोक्यावरही ती झेपावली.

रिकाम्या खडीकडे पाहत ती मुलगी म्हणाली, "खेळात फोटो काढला की नाव उमटतं, काहीतरी वाजतं. इथे काहीच झालं नाही काका."

आमच्या मते खरा फरक तिने या शब्दांत सांगितला. खेळातला जीव आपल्यासाठी केलेला असतो. आपण येईपर्यंत तो थांबतो, आपण केले त्याची पावती देतो, आणि चुकलो तर पुन्हा आरंभ करू देतो. देवाने केलेला जीव आपली वाट पाहत नाही. ईयोबाला देवाने वावटळीतून ज्या प्राण्यांची नावे सांगितली, ती रानगाढवे आणि डोंगरातील बकऱ्या माणसाच्या उपयोगाचीही नव्हती आणि त्याच्या नजरेसमोरही नव्हती. तरी त्या बकऱ्या केव्हा वितात ते देवाला ठाऊक होते. ज्याच्याकडून मासळी मिळणार नाही, ज्याच्यावर आपला हक्क नाही आणि जो आपल्यावर ओरडतो, त्याच्यासाठी आपली सावली सोडणे, येथे माया कसाला लागते. अनुपकारी माणसांवरही पाऊस पाडणारा आपला पिता रोज हेच करीत आहे.

आणखी एक फरक काळाचा आहे. 'टेरा निल' नावाचा दक्षिण आफ्रिकेतील एका लहान संस्थेचा खेळ २०२३ साली निघाला. त्यात ओसाड जमिनीवर पाणी आणायचे, गवत, झाडे आणि प्राणी परत आणायचे, आणि शेवटी आपली सारी यंत्रे उचलून, मागे काही न ठेवता तेथून निघून जायचे. विचार मोठा सुंदर आहे, आणि खेळ करणाऱ्यांची तळमळही खरी आहे. पण तेथे तास-दोन तासांत रान उभे राहते. आमच्या जिल्ह्यात नेपानगरच्या बाजूच्या जंगलात २०२२-२३ मध्ये मोठ्या प्रमाणावर झाडे तोडली गेली. ती परत उभी राहण्यास आज शब्बाथशाळेत असलेली मुले म्हातारी व्हावी लागतील. त्याच नेपानगरात १९५६ पासून सलई आणि बांबू यांच्यापासून वर्तमानपत्राचा कागद निघत असे, आणि आमच्या वडिलांनी तो कागद आवडीने वाचला. तेव्हा दोष एकट्या कुऱ्हाडीवर टाकून आपल्याला सुटता येत नाही. ज्या पिढीने रान कागदावर वाचून संपवले, तिने रान पडद्यावर पाहणाऱ्या पिढीला शहाणपण शिकवताना थोडे हळू बोलावे.

खेळानेच ती मुलगी घडवली, असे आमचे म्हणणे नाही. तोच खेळ तिच्यापूर्वी तिचा आतेभाऊ खेळला होता, आणि सुटीत आला असता तो त्या अंड्यांजवळून मान वर न करता गेला. शेती खेळणारा आमचा तो मुलगा अजूनही बापाच्या बागेत जात नाही. त्याला उपदेशापेक्षा वादळानंतर बापाशेजारी उभा राहणारा कोणी हवा आहे, असे आम्हांला वाटते, आणि ते काम आम्ही अजून केलेले नाही.

म्हणून शब्बाथशाळेच्या शिक्षक बंधुभगिनींना विनंती एवढीच. मुलाच्या हातातला पडदा हिसकावण्यापूर्वी त्याच्याशेजारी बसून त्यात काय जगते आहे ते विचारा. त्याला कशाची कीव आली ते सांगू द्या, आणि त्याला हसू नका. मग त्याला घेऊन बाहेर या. वर्गातील प्रत्येक मुलाने एक झाड किंवा एक पाण्याचे भांडे वर्षभर सांभाळावे. आणि ते सुकले तर नवे आणून झाकापाक करू नये, सुकले असे सर्वांसमोर सांगावे. आवारात येणाऱ्या पाखरांची नावे आधी आपण शिकावी.

यंदाही मांडवाचे बांबू आले. पहिला खड्डा घेण्यापूर्वी कमिटीचे दोन सभासद आणि ती मुलगी खाली वाकून सारी खडी पाहत फिरले. टिटवी यंदा आली नव्हती. त्या बंधूंनीच, ज्यांनी गेल्या वर्षी तो प्रश्न विचारला होता, पुन्हा एकदा फेरी मारून खात्री केली आणि मग म्हणाले, "हं, आता खणा."